जुनी पिशवी निघण्याआधी

वाचकांचे प्रश्न

पोटावर स्टोमा असलेल्या रुग्णांच्या घरून येणारी पत्रं वाचली की एक गोष्ट दिसते. तक्रार पिशवी बदलण्याची असते, पण अडचण बहुतेक वेळा बदलण्याआधीच्या तयारीत असते. म्हणून या वेळी तेवढेच प्रश्न एकत्र घेतले आहेत. हा विषय नवा असणाऱ्यांसाठी थोडक्यात : आतड्याचं तोंड पोटाच्या भिंतीतून बाहेर आणून शिवलं की तो स्टोमा. मोठ्या आतड्याचा असेल तर कोलोस्टोमी, लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा असेल तर इलिओस्टोमी, आणि लघवीसाठी वाट काढली असेल तर युरोस्टोमी. त्वचेला चिकटते ती प्लेट, मळ किंवा लघवी साठते ती पिशवी. दोन्ही एकसंध असल्या तर वन-पीस, पिशवी प्लेटवरच्या रिंगवर बसवायची असली तर टू-पीस.

प्रश्न : सासूबाईंची इलिओस्टोमी होऊन पाच आठवडे झाले. पिशवी बदलायला मला तासभर लागतो. प्लेट काढली की मध्येच पातळ मळ वाहायला लागतो, मग पुन्हा धुवा, पुन्हा पुसा. त्यातच कात्री सापडत नाही, कापूस संपलेला असतो. त्या कंटाळतात, मीही कंटाळते. आधी नेमकं काय काय काढून ठेवायचं? — सांगली

उत्तर : कापणं, पिशवीचं खालचं तोंड बंद करणं ही कोरड्या हातांनी, बसून करायची कामं आहेत. ती जुनी प्लेट पोटावर घट्ट असतानाच उरकता येतात. प्लेट निघाली की धुणं, सुकवणं आणि चिकटवणं एवढंच उरायला हवं. तुमच्याकडे सगळंच एका वेळी होतंय, म्हणून तास जातो.

आधी वेळ ठरवा. स्टोमाला आवळून धरणारा स्नायू नसतो, त्यामुळे त्याला थांबवता येत नाही. पण आतडं कधी शांत असतं हे कळून घेता येतं. इलिओस्टोमीत सकाळी उठल्यावर, पोटात काहीही जाण्याआधीची वेळ सहसा सर्वांत कोरडी. या ‘काहीही’त चहासुद्धा आला, आणि आपल्या घरांमध्ये नेमका तोच थांबत नाही. सकाळी जमत नसेल तर जेवणानंतर दोन-तीन तास जाऊ द्या. पिशवी कोणत्या वेळी किती भरते याची चार-पाच दिवस नोंद ठेवली, तर सासूबाईंची स्वतःची शांत वेळ सापडेल.

मग एक मोठं ताट घ्या आणि वस्तू वापरण्याच्या क्रमाने मांडा. सगळ्यांत आधी लागते ती कचऱ्याची पिशवी आणि वर्तमानपत्राचे दोन कागद. त्या घाईत शोधाव्या लागल्या की हात भरलेले असतात. त्यानंतर मगभर कोमट पाणी. मग गॉजच्या दहा-बारा घड्या, किंवा जुन्या सुती साडीचे धुऊन वाळवलेले हातभर तुकडे. कापूस संपला होता ते एका परीने बरंच झालं : कापसाचे तंतू ओल्या स्टोमाला आणि त्वचेला चिकटतात आणि त्यांच्यावर प्लेट धरत नाही. पुढे मापाचं कार्ड, पेन, बोथट टोकाची लहान वाकडी कात्री. डॉक्टरांनी किंवा स्टोमा क्लिनिकच्या सिस्टरांनी सांगितली असेल तर पावडर, रिंग (पिशवी बसते ती नव्हे, स्टोमाभोवतीची फट बुजवायचं मऊ चिकट कडं) किंवा पेस्ट. शेवटी नवी प्लेट आणि पिशवी. कपडा वर धरून ठेवायला वाळत घालायच्या कपड्यांचा एक चिमटाही ठेवा. साडीचा किंवा गाऊनचा काठ ऐन वेळी खाली घसरून ओला होणं ही रोजची गोष्ट आहे.

नव्या पिशवीचं तोंड आत्ताच बंद करा. क्लिप असेल तर पिशवीची शेपटी तिच्यावर एकदाच दुमडायची. दोन-तीन वेढे दिले की क्लिप ताणली जाते आणि रात्री उघडते. वेलक्रोचं तोंड असेल तर कंपनीने दाखवल्याप्रमाणे पूर्ण गुंडाळायचं. तोंड उघडं राहिलेली पिशवी लावल्यावर काय होतं ते सांगायला नको.

पाचव्या आठवड्यात आणखी एक पेच आहे. शस्त्रक्रियेनंतरची सूज उतरेपर्यंत, म्हणजे साधारण सहा ते आठ आठवडे, स्टोमा लहान होत जातो. त्यामुळे दर वेळी मोजावं लागतं, आणि नीट मोजता येतं ते जुनी प्लेट निघाल्यावरच. यावर उपाय असा : गेल्या वेळच्या मापापेक्षा किंचित लहान भोक आधी कापून ठेवा. प्लेट निघाल्यावर कार्ड लावून पाहा, गरज पडली तर दोन कातरण्या मारा. लहान भोक मोठं करता येतं. मोठं झालेलं लहान करता येत नाही, ती प्लेट वाया.

ताट मांडून झालं की पिशवी रिकामी करा आणि मगच प्लेटला हात लावा. वरच्या कडेपासून सुरुवात करा. एका हाताने त्वचा खाली दाबत प्लेट सोलत यायचं. प्लेट ओढायची नाही, त्वचा तिच्यापासून दूर करायची. काढलेली प्लेट लगेच गुंडाळून टाकू नका, तिची मागची बाजू बघा. भोकाभोवती कुठे विरघळली आहे, मळ कोणत्या दिशेने सरकला आहे, हे तिथे स्पष्ट दिसतं. त्या जागी पुढच्या वेळी रिंगचा अर्धा तुकडा जास्त लावायचा.

मध्येच मळ आला तर गॉजची गुंडाळी करून स्टोमाच्या तोंडावर हलकी धरा, दुसऱ्या हाताने बाजूची त्वचा साध्या पाण्याने धुवा. साबणाची गरज नसते. डेटॉल, सॅव्हलॉन, बाळांचे ओले वाइप्स नकोत. पुसताना स्टोमावर रक्ताचा एखादा ठिपका आला तर घाबरू नका, तिथल्या केशवाहिन्या नाजूक असतात. त्वचा टिपून घ्या, मग एक-दोन मिनिटं पंख्याखाली सुकू द्या. सासूबाईंना या वेळी वाकून बसवू नका. बसल्यावर पोटाला वळ्या पडतात आणि प्लेट वळीवर चिकटते. पाठ टेकून, पोट सपाट होईल असं पडू द्या किंवा उभं राहू द्या.

नवी प्लेट लावण्याआधी दोन तळहातांमध्ये मिनिटभर धरून कोमट करा. हातमोजे घातले असतील तर इथे काढा, रबर चिकट बाजूला धरतं. प्लेट खालून वर लावत या, आतल्या भोकाजवळून बाहेरच्या कडेकडे बोट फिरवा, आणि मग तळहात दोन-तीन मिनिटं तसाच ठेवा. हा चिकट पदार्थ अंगाच्या उबेने मऊ होऊन धरतो, नुसत्या दाबाने नाही. पुढचा अर्धा तास त्यांना शांत पडू द्या. आणि चहा द्या.

प्रश्न : वडिलांची कोलोस्टोमी आठ महिन्यांपूर्वीची. त्यांचे हात थरथरतात, कात्री धरवत नाही. मी पुण्यात असतो, दर रविवारी नाशिकला येतो. महिन्याभराच्या प्लेट्स एकदम कापून ठेवल्या तर चालतील? — नाशिक

उत्तर : आठ महिन्यांत माप स्थिर झालेलं असतं, त्यामुळे कापून ठेवायला हरकत नाही. पण एका वेळी चार-पाचच कापा. वजन वाढलं, खोकला राहिला, स्टोमाच्या बाजूला हर्निया झाला, की भोकाचा आकार बदलतो; कापलेल्या आठ प्लेट्स तेव्हा परत करता येत नाहीत. शिवाय कापलेली कड हवेतली ओल घेते. कापलेल्या प्लेट्स त्यांच्या मागच्या कागदासकट झिपच्या पिशवीत, सपाट ठेवा.

भोक स्टोमापेक्षा चहूबाजूंनी २ ते ३ मिलिमीटर मोठं हवं. याहून लहान झालं तर प्लेटची कड स्टोमाला कापत राहते, आणि स्टोमाला वेदनेच्या नसा नसल्यामुळे वडिलांना ते कळणारही नाही. पिशवीत रक्त दिसेल तेव्हाच समजेल. मोठं झालं तर उघडी त्वचा मळात भिजते.

स्टोमा गोल नसेल तर साचा करा. पिशवीच्या वेष्टणाचं पारदर्शक प्लास्टिक पोटासमोर धरून आकार उतरवा, कापा, आणि त्यावर मार्करने ‘वर’ आणि ‘समोरची बाजू’ असं लिहा. आता इथे बहुतेकांचं चुकतं. प्लेटच्या मागच्या कागदावर आकार आखताना साचा उलटा ठेवायचा असतो, कारण तो कागद पोटाकडची बाजू आहे. साचा सरळ ठेवून आखलं की उजवीकडचा फुगवटा डावीकडे जातो आणि कापलेल्या पाचही प्लेट्स चुकतात. म्हणून पहिली कापली की ती पोटासमोर धरून बघा, मगच बाकीच्या कापा.

कात्री मधल्या छोट्या भोकातून घालून गोल फिरवत या. प्लेटवर छापलेल्या सर्वांत बाहेरच्या रेषेपलीकडे जाऊ नका. तिथून रिंग सुरू होते. वन-पीस असेल तर आधी भोकातून बोट घालून पिशवीचा पुढचा पडदा दूर ढकला. नाहीतर प्लेटबरोबर पिशवीलाही चीर जाते, आणि ती चीर लावल्यावर दहा मिनिटांनी लक्षात येते. कापून झाल्यावर भोकाच्या कडेवरून बोट फिरवा. टोचत असेल तर चोळून गुळगुळीत करा.

वडिलांना स्वतः काही करता यावं असं वाटत असेल तर कात्रीशिवाय बोटांनी कड वळवून आकार देता येणाऱ्या प्लेट्स मिळतात. स्टोमा गोल असेल तर तयार भोकाच्याही मिळतात. महाग असतात, पण रविवारची वाट बघावी लागत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात प्लेटच्या कडा वळतात आणि दोन दिवसांत सुटतात. उन्हाळ्यात हे होत नव्हतं. प्लेट्स फ्रिजमध्ये ठेवू का? — रत्नागिरी

उत्तर : फ्रिजमध्ये नको. थंड प्लेट कडक होते, बाहेर काढल्यावर तिच्यावर दव धरतं, आणि ते दव त्वचा आणि प्लेट यांच्यामध्येच राहतं. बाथरूमच्या कपाटातही नको. लोक सोयीसाठी तिथे ठेवतात आणि आंघोळीची वाफ खोक्यात जाते. पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवलेल्या प्लेट्सचा चिकट थर वितळून कडेला येतो. तशी दिसली तर लावू नका.

घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, त्यात औषधांच्या बाटल्यांमधून निघणाऱ्या सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या, आणि डबा आतल्या खोलीतल्या कपाटात. खोका एका वेळी एकच उघडा. कोकणातल्या पावसात त्वचाही पुसून कोरडी दिसते पण ओली असते, म्हणून आंघोळीनंतर लगेच प्लेट लावू नका, पंख्याखाली चार-पाच मिनिटं जाऊ द्या. आणि बदलण्याचं वेळापत्रक सुटण्याच्या आधीचं ठेवा : एरवी पाच दिवस टिकत असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये चौथ्या दिवशीच बदला. बाहेरच्या कडेला चारी बाजूंनी कागदी सर्जिकल टेपची चौकट लावली तर कडा वळत नाहीत. मात्र आतून गळती सुरू झाली असेल तर वरून टेप लावून काही होत नाही. आतला मळ तसाच त्वचेवर बसतो. खाज किंवा जळजळ हीच गळतीची पहिली खूण, वास नंतर येतो.

प्रश्न : स्टोमाभोवतीची त्वचा लाल आणि ओलसर झाली आहे. पेस्ट जास्त लावली तर झोंबते. शेजारच्या काकू खोबरेल तेल लावायला सांगतात. — नांदेड

उत्तर : काकूंचा सल्ला एरवीच्या कोरड्या त्वचेला ठीक, इथे नाही. तेलाच्या थरावर कुठलीच प्लेट चिकटत नाही. जुना चिकटा काढण्यासाठी कुणी तेल वापरलंच, तर साध्या, तेल-क्रीम नसलेल्या साबणाने धुऊन साबणही पूर्ण काढावा लागतो. त्यापेक्षा चिकटा काढणारे सिलिकॉनचे पुसणे किंवा नुसतं कोमट पाणी बरं.

पेस्ट हा गोंद नव्हे. खिडकीच्या काचेभोवती लांबी भरतात, तेवढंच तिचं काम : भोकाच्या कडेची फट बुजवणं. जास्त लावली की प्लेट तिच्यावर घसरते. बऱ्याच पेस्टमध्ये अल्कोहोल असतं, ते सोललेल्या त्वचेला झोंबणारच. अशा वेळी अल्कोहोल नसलेली रिंग वापरा. पेस्ट वापरायचीच तर प्लेटवर लावून अर्धा-एक मिनिट थांबा, अल्कोहोल उडू द्या.

लाली कुठे आहे ते आधी बघा, कारण त्यावर उपाय ठरतो. स्टोमाला लागून गोल कडं असेल तर भोक मोठं कापलं जातंय. एकाच बाजूला पट्टा असेल तर तिथे वळी किंवा खळगा आहे आणि त्या वाटेने मळ जातोय. तिथे रिंगचा तुकडा, किंवा स्टोमा आत गेलेला असेल तर सिस्टरांच्या सल्ल्याने फुगीर प्लेट. लाली अगदी प्लेटच्या आकाराची असेल तर त्या प्लेटचीच ॲलर्जी असू शकते, दुसरी कंपनी वापरून बघावी लागते. लाली पसरून तिच्या कडेला खाजणारे बारीक पुरळ उठत असेल तर ते बुरशीचं असण्याची शक्यता जास्त. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घामाने हे होतं आणि त्याला डॉक्टरांनी दिलेली पावडर लागते.

ओलसर जागेसाठी स्टोमाची पावडर वापरतात. टाल्कम चालत नाही. पातळ थर टाका, ओल्या जागेवर धरेल तेवढी ठेवून बाकीची झटकून काढा. वर अल्कोहोल नसलेली संरक्षक फिल्म हलक्या हाताने टिपा, सुकू द्या, गरज असेल तर हेच आणखी एकदा. झटकायचं राहिलं तर प्लेट त्या सैल पावडरीला चिकटते, त्वचेला नाही, आणि संध्याकाळी सुटते.

प्रश्न : आमच्या गावाला पावसाळ्यात पुरामुळे चार-चार दिवस रस्ता बंद असतो. सामान नागपूरहून मागवतो. वर्षभराचं एकदमच घेऊन ठेवलं तर? — जि. गडचिरोली

उत्तर : वर्षभराचं नको, तीन महिन्यांचं पुरे. खोक्यावर मुदत असते, आपल्याकडचा उन्हाळा चिकट थराला मानवत नाही, आणि मधेच माप बदललं तर सगळे पैसे अडकतात. शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर पहिले दोन महिने एका वेळी एकच खोका घ्या.

हिशेब असा करा. दर चार दिवसांनी प्लेट बदलत असाल तर तीन महिन्यांना २३ प्लेट्स. गळती, चुकीची कापणी, जुलाब यांसाठी वर ५. म्हणजे २८; पाचच्या खोक्यात येत असतील तर सहा खोके. खालून रिकामी करायच्या पिशव्या प्लेटइतक्याच आणि वर पाच-सहा. बंद तोंडाच्या, वापरून टाकायच्या पिशव्या असतील तर गणित वेगळं : दिवसाला एक ते दोन, म्हणजे तीन महिन्यांना ९० ते १८०. क्लिप जादा दोन. पावडरची लहान बाटली कित्येक महिने जाते, तिचा साठा करू नका.

नवीन मागणी कधी करायची हे प्लेट्सवर ठरवा. एरवी सहा उरल्या की फोन करा, जूनपासून दहा उरल्या की. जुना खोका समोर, नवा मागे. खोक्यावरचा उत्पादन क्रमांक, प्लेटचं माप आणि रिंगचं माप यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. दुकानदाराला ‘तीच पिशवी’ सांगून भागत नाही, आणि रिंगच्या मापाचा, समजा ५७ हा, आकडा जुळला तरी एका कंपनीची पिशवी दुसऱ्या कंपनीच्या रिंगवर बसत नाही. पार्सल आलं की मुदत आणि खोका चेपलाय का ते त्याच दिवशी बघा. मुंबईतल्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयांमध्ये स्टोमा क्लिनिक आहे. तिथे तपासणीला जाणं होणारच असेल तर सामानाची यादी बरोबर न्या.

साठा संपलाच तर? टू-पीसची प्लेट अजून घट्ट असेल तर पिशवी काढून साध्या पाण्याने धुवा, वाळवा, पुन्हा लावा. प्लेटही गेली असेल तर त्वचेवर झिंक ऑक्साइडचं मलम जाड लावून वर लहान मुलाचा डायपर बांधा, तो भिजला की बदला. मलम नव्या प्लेटआधी पूर्ण धुवावं लागेल. एक-दोन दिवस निभतात, जास्त नाही.

प्रश्न : माझी युरोस्टोमी आहे. बदलताना लघवी थांबतच नाही, सुकवलेली त्वचा लगेच ओली. रात्रीच्या मोठ्या पिशवीचंही सांगा. — ठाणे

उत्तर : लघवी थांबणार नाही, तिला तेवढ्यापुरतं टिपून घ्यायचं. उठल्या उठल्या, पाणी पिण्याआधी बदला. तेव्हा ती कमीत कमी असते. गॉजच्या सहा-सात घट्ट गुंडाळ्या आधीच करून ठेवा. प्लेट निघाली की एकदा पुढे वाका, खोका, आत साठलेली बाहेर येऊ द्या. मग एक गुंडाळी स्टोमाच्या तोंडावर उभी धरा, भिजली की लगेच दुसरी. नवी प्लेट तिच्यावरूनच आणा आणि शेवटच्या क्षणी गुंडाळी काढा. लघवीत पांढरट दोऱ्यासारखा चिकट पदार्थ दिसतो तो आतड्याच्या तुकड्याचा, नेहमीचा आहे.

पिशवी लघवीचीच हवी, खाली तोटी आणि आत उलट न येऊ देणारी झडप असलेली. रात्रीची पिशवी साधारण २ लिटरची. जोडण्यापूर्वी पोटावरच्या पिशवीत थोडी लघवी राहू द्या; अगदी रिकामी असली तर तिच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि प्रवाह अडतो. नळी पायजम्याच्या आतून पायाजवळ काढा, पिशवी पलंगापेक्षा खाली टांगा. जोडणारा छोटा तुकडा जुनी पिशवी टाकताना तिच्याबरोबर जातो, म्हणून आणखी दोन ठेवा. सकाळी पाण्याने धुऊन एक भाग पांढरं व्हिनेगर आणि तीन भाग पाणी अर्धा तास आत ठेवा, पुन्हा धुवा, उलटी टांगून वाळवा. दोन पिशव्या आलटून पालटून वापरल्या की घाई होत नाही. थंडी वाजून ताप आला किंवा कमरेत मागे दुखलं तर पिशव्यांमध्ये वेळ घालवू नका, डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : दिवाळीत मुलाकडे दुबईला जायचं आहे. सोलापूरहून मुंबईपर्यंत रात्रीची रेल्वे, मग विमान. इलिओस्टोमी आहे. — सोलापूर

उत्तर : जितके दिवस राहणार त्याच्या दुप्पट सामान घ्या आणि ते सगळं हातातल्या बॅगेत. मोठी बॅग हरवली तर कपडे कुठेही मिळतात. सगळ्या प्लेट्स घरीच कापून ठेवा. कात्री मोठ्या बॅगेत टाका, म्हणजे तपासणीला वाद नाही. पेस्ट, स्प्रे वगैरे १०० मिलिलिटरच्या आतले, पारदर्शक पिशवीत. डॉक्टरांचं इंग्रजीतलं दोन ओळींचं पत्र जवळ ठेवा आणि सुरक्षा तपासणीत अंगझडती बाजूच्या खोलीत मागा, तशी सोय असते.

दोन तयार जोड करा. प्रत्येक झिपच्या पिशवीत एक कापलेली प्लेट, तोंड बंद केलेली पिशवी, गॉजच्या पाच घड्या, चिकटा काढणारा एक पुसणा, काळी प्लास्टिक पिशवी, चिमटा आणि आतला एक कपडा. एक जोड पर्समध्ये, एक सोबतच्या माणसाकडे. रेल्वेच्या संडासात प्लेट बदलायचा प्रसंग येऊ नये यासाठी निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळीच बदला. निघायच्या दिवशी नको, नव्या प्लेटची परीक्षा प्रवासात व्हायला नको. गाडीत फक्त रिकामी करायची, एक तृतीयांश भरली की. नळाला पाणी नसेल असं धरून बाटली आत न्या. आधी भांड्यात कागद टाका, शिंतोडे उडत नाहीत. विमानात पट्टा स्टोमाच्या खालून घ्या. उपाशीपोटी प्रवास करू नका, रिकाम्या आतड्यात गॅस जास्त होतो. ओआरएसच्या चार पुड्या घ्याच. इलिओस्टोमीत पाणी आणि मीठ भराभर जातं. दिवसभरात पिशवीत दीड-दोन लिटरच्या वर मळ जायला लागला, किंवा उलट चार-सहा तास काहीच न येता पोटात कळा येऊ लागल्या, तर तिथल्या रुग्णालयात लगेच दाखवा.

थोडक्यात विचारलेलं

पिशवी लावून आंघोळ चालते. पिशवीतला गॅस बाहेर सोडणाऱ्या फिल्टरवर कंपनीचा स्टिकर लावा, फिल्टर भिजला की बंद पडतो. नंतर स्टिकर काढायला विसरू नका.

वास जावा म्हणून पिशवीत ॲस्पिरिनची गोळी टाकू नये, स्टोमाला जखम होऊन रक्त येतं. गॅससाठी पिशवीला टाचणीने भोकही पाडू नये.

कोलोस्टोमीचा घट्ट मळ वरच साचून खाली उतरत नसेल तर लावण्यापूर्वी पिशवीत थोडी हवा भरा आणि पिशवीसाठीच्या वंगणाचे काही थेंब आत चोळा. इथे फिल्टरवर स्टिकर लावून ठेवला तर हवा टिकते.

स्टोमाचा रंग ओल्या लाल-गुलाबीवरून जांभळा किंवा काळा झाला तर सामानाचा विचार सोडून थेट रुग्णालय.

प्रश्न : वापरलेल्या पिशव्या कुठे टाकायच्या? सफाईवाल्या ताईंना त्रास होऊ नये असं वाटतं. — पुणे

उत्तर : आधी संडासात पूर्ण रिकामी करा. पिशवी किंवा प्लेट संडासात सोडू नका, पाइप तुंबतो. मग प्लेटची चिकट बाजू आत घेऊन दुमडा, वर्तमानपत्रात गुंडाळा आणि डायपर-पॅडच्या कचऱ्यात वेगळं द्या, ओल्या-सुक्यात नको. पुण्यात अशा पुडक्यावर लाल ठिपका काढायची पद्धत आहे. ठिपका ठळक आणि दोन्ही बाजूंना काढा. काळ्या पिशवीत गाठ मारून दिलं तर आत काय आहे ते ताईंना उघडूनच बघावं लागतं. वर्तमानपत्राचे चौकोन आणि लाल मार्कर त्या ताटातच ठेवा.